खिचडीच्या आधीच मोडलेली भूक

पत्र : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकतो. शाळेत मिळणारी खिचडी तो चार घास खातो आणि उरलेली टाकून देतो, असे गुरुजी सांगतात. सकाळी चहा-बिस्किटांशिवाय तो कशालाच हात लावत नाही. शाळेत जाताना रडारड नको म्हणून मी त्याला दहा रुपये देते, त्याचा तो वाटेवरच्या दुकानातून कुरकुरीत खाऊचा पुडा घेतो. यजमान मुंबईला नोकरीला आहेत. ते फोनवर म्हणतात, शाळेतले बंद कर आणि घरचा डबा दे. सासूबाई म्हणतात, दुधात घालायची ताकदीची पावडर आणा. शेजारणीने सांगितले की शाळेच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात. मुंबईचा पुतण्या याच्याच वयाचा असून चांगला गुटगुटीत आहे, त्याच्या शेजारी माझा मुलगा काडीसारखा दिसतो. शाळेत नुकतीच मापे घेतली, तेव्हा उंची १२३ सेंटिमीटर आणि वजन २२ किलो भरले. मी काय करावे?
— एक आई, गुहागर तालुका

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगाची माहिती तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची मधली उंची सुमारे १२७ सेंटिमीटर आणि मधले वजन सुमारे २५ किलो असते. मधले म्हणजे निम्मी निरोगी मुले त्याच्या खाली असणारच, हे ध्यानात ठेवावे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तुमच्या मुलाचा आकडा साधारण १४.५ येतो. या वयाच्या मुलग्यांसाठी मधला आकडा १५.७ असून १३.३ च्या खाली गेल्यावर मूल कृश मानले जाते. म्हणजे तुमचा मुलगा सडपातळ आहे, पण कुपोषित नाही. मुंबईचा पुतण्या गुटगुटीत असेल, परंतु तो निरोगी आहे की त्याचे वजन गरजेपेक्षा वाढले आहे, हे त्याच्याही उंचीशी ताडून पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, आणि दोन चुलतभावांना गणपतीत शेजारी उभे करून मोजण्याची आपल्याकडची रीत दोघांपैकी कोणाच्याही भल्याची नाही. एका दिवसाच्या मापापेक्षा सहा महिन्यांतील वाढ अधिक बोलते. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची आणि दोन ते तीन किलो वजन वाढायला हवे, म्हणून आजची मापे तारखेसह एका वहीत उतरवून ठेवा.

आता खिचडीकडे वळू. यजमानांचे म्हणणे मला समजते, दूर राहणाऱ्या वडिलांना मुलाची काळजी वाटते आणि डबा हा उपाय फोनवरून सांगण्याजोगा असतो. तरीही माझे उत्तर असे आहे की शाळेतले जेवण बंद करू नका. केंद्राच्या शालेय पोषण आहार योजनेच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल इतका शिधा धरलेला असतो, आणि त्यातून किमान ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. हे आकडे हवेतले नाहीत. शंभर ग्रॅम तांदळातून साडेतीनशेच्या आसपास उष्मांक आणि सात-साडेसात ग्रॅम प्रथिने येतात, वीस ग्रॅम डाळीतून सत्तरच्या आसपास उष्मांक आणि पाचच्या आत-बाहेर प्रथिने येतात, बाकीचे तेल भरून काढते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० उष्मांक आणि २३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. याचा अर्थ असा की तुमच्या मुलाने पानातले सगळे खाल्ले तर दिवसाची निम्मी प्रथिने त्याला शाळेतच मिळतात. तो चार घास खाऊन उठतो तेव्हा नेमके हेच वाया जाते. तांदूळ आणि डाळ एकत्र खाल्ल्याने एकातील उणीव दुसरे भरून काढते, ही गोष्ट आपल्या घरातील वरणभाताला जितकी लागू आहे तितकीच शाळेच्या खिचडीलाही लागू आहे.

मग तो खात का नाही? तुम्ही लिहिलेला दिवसाचा क्रम एकदा पुन्हा वाचा. उठल्यावर गोड चहा आणि बिस्किटे. शाळेच्या वाटेवर पुडा. त्यानंतर मधल्या सुट्टीत खिचडीचे ताट. तुम्ही खिचडी आणि पुडा या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्या आहेत, पण माझ्या मते ती एकच तक्रार आहे, कारण ताट समोर येते तेव्हा त्याची भूक आधीच मोडलेली असते. पोटात साखर, मैदा, तेल आणि मीठ गेलेले असते. त्यात उष्मांक आहेत, त्यामुळे भूक मरते, पण शरीर बांधणारे त्यात फारसे काही नाही. शिवाय जिभेला चटकदार मसाल्याची सवय लागली की मऊ, पिवळी, कमी तिखट खिचडी तिला फिकी वाटते. गुरुजींनी आणि मावशींनी खिचडी कितीही चांगली केली, तरी त्यांचा सामना शाळेच्या वाटेवर खाल्लेल्या पुड्याशी असतो, आणि तो सामना त्यांना जिंकता येणे कठीण आहे.

म्हणून सुरुवात सकाळपासून करावी लागेल, शाळेपासून नव्हे. आणि सकाळसाठी तुम्हाला बाजारातून काहीही आणण्याची गरज नाही. तुमच्या सासूबाई लहान असताना त्यांच्या घरात सकाळी काय होते, ते त्यांना विचारा. बहुधा त्या उकड्या तांदळाची पेज आणि सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेल्या सुकटीची चिमूट सांगतील, किंवा नाचणीची आंबील सांगतील. कोकणातल्या किती तरी घरांत पेज गेली आणि तिच्या जागी चहा-बिस्किटे आली, आणि याचे कारण चव किंवा वेळ नसून लाज हे होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. पेज ही गरिबांची, बिस्किट हे शहरातले, अशी आपण एक उतरंड मनाशी मांडली. पोषणाच्या दृष्टीने ती उतरंड उलटी आहे. भात (साळ) सालासकट उकडून, वाळवून मग उकडा तांदूळ कांडला जात असल्यामुळे सालीजवळची ब गटातील जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्यात शिरतात, आणि पांढऱ्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा ती त्यात अधिक टिकतात. नाचणीबद्दल तर काय सांगावे! शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली तर या वयाला लागणाऱ्या साधारण ६५० मिलिग्रॅमपैकी पाव हिश्श्याहून जास्त कॅल्शियम त्या एका भाकरीत असते. नाचणीतील काही घटक खनिजे शोषली जाण्यात अडथळा आणतात हे खरे आहे, परंतु मोड आणल्याने आणि आंबवल्याने तो अडथळा कमी होतो, आणि आंबिलीत पीठ रात्रभर आंबवण्याची जुनी पद्धत इथे आपोआप कामी येते.

चहा एकाएकी तोडू नका, तुमच्या घरात त्यावरून महाभारत होईल. तो अर्ध्या कपावर आणा, त्यात दूध वाढवा आणि खाण्याबरोबर न देता नंतर काही वेळाने द्या. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जाऊ देत नाहीत, आणि आपल्या मुलांमध्ये लोहाची कमतरता ही सडपातळपणापेक्षा कितीतरी मोठी काळजीची बाब आहे. सकाळच्या पानात पहिले काही दिवस त्याला आवडते तेच असू द्या. घावणे आणि नारळाची चटणी चालेल, आंबोळी आणि रात्रीच्या काळ्या वाटाण्याची उसळ चालेल, तूप-गुळाबरोबर नाचणीची भाकरी चालेल. पेज आठवड्यातून दोन दिवसांपासून सुरू करा आणि पहिल्या दिवशी ती तुम्ही स्वतः त्याच्या शेजारी बसून प्या. नवा किंवा नावडता पदार्थ मुलाने स्वीकारण्यासाठी तो त्याच्यासमोर आठ-दहा वेळा यावा लागतो, काही मुलांना त्याहूनही अधिक वेळा लागते. आपण दोन वेळा करून पाहतो आणि ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे हे तुम्ही ठरवा, किती खायचे हे त्याच्यावर सोडा. ‘एवढे संपवलेस तर पुडा देईन’ हे वाक्य मात्र घरातून कायमचे काढून टाका, कारण त्यामुळे जेवण ही शिक्षा ठरते आणि पुडा हे बक्षीस ठरते.

दहा रुपयांचे काय करायचे, हा खरा अवघड प्रश्न आहे, कारण तो पैशांचा नसून सकाळच्या घाईत मुलाच्या रडण्याला तोंड देण्याचा आहे. एकदम बंद केलेत तर चार दिवस फार त्रास होईल आणि पाचव्या दिवशी तुम्ही किंवा आजी हार मानाल. त्यापेक्षा त्याला बसवून हिशेब दाखवा. तिसरीतल्या मुलाला गुणाकार येतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अडीचशे रुपये होतात, आणि तेवढ्यात तीसच्या वर अंडी येतात किंवा महिनाभर पुरतील इतके शेंगदाणे व गूळ येतो. त्यांपैकी पन्नास रुपये त्याच्या हक्काचे ठेवा आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्याने त्यातून हवे ते आणावे, पुडासुद्धा आणावा. बंदी घातलेली वस्तू मुलाला अधिक गोड लागते, ठरलेल्या दिवसाची वस्तू हळूहळू साधी होते. आणखी एक गोष्ट सांगते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ व साखर असलेले खाद्यपदार्थ मुलांना विकता येत नाहीत. पण वाडीतला दुकानदार हा तुमचा शेजारी असतो, त्याच्याशी नियमाच्या भाषेत बोलण्याआधी चार आयांनी मिळून त्याला शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे आणि केळी ठेवायला सांगावे. विकले गेले तर तो आनंदाने ठेवील.

पावडरीविषयी थोडक्यात सांगते. अशा पावडरीच्या डब्यावरील बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचा, साखर किंवा माल्ट पहिल्या दोन-तीन नावांतच सापडेल. ‘आरोग्य पेय’ असा कोणताही वर्ग आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या नावाखाली न दाखवण्याची सूचनाही दिली होती. सासूबाईंना दुखवायचे नसेल तर त्यांनाच नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळायला सांगा. त्या पिठाचे दुधातले सत्त्व त्यांच्या हातचे असेल आणि ‘ताकदीची पावडर’ घरात आल्याचे समाधानही त्यांना मिळेल.

तांदळातील प्लास्टिकचे दाणे ही अफवा आहे, तरी ती का पसरली हे समजून घेण्याजोगे आहे. अलीकडच्या वर्षांत शाळांना आलेल्या तांदळात पोषणयुक्त दाणे मिसळलेले असत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व घालून यंत्राने तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते मिसळतात. रंग किंचित वेगळा दिसतो आणि काही दाणे पाण्यावर तरंगतात, त्यामुळे निवडताना बायका ते काढून टाकतात. शाळेतील मावशींना एवढेच सांगावे की असे दाणे दिसले तर ते वेचू नयेत आणि तांदूळ फार वेळा चोळून धुऊ नयेत. घरात थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार कोणाला असेल, तरच आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता तुमच्या मुलाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. जे मूल घरी उकडा भात आणि नारळाच्या वाटपाची आमटी खाते, त्याला शाळेतला वेगळ्या जातीचा तांदूळ आणि वाटपाशिवायची खिचडी परकी वाटणे साहजिक आहे. यात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा दोष फारसा नाही. १ मे २०२५ पासूनच्या दरानुसार प्राथमिकच्या एका मुलामागे, तांदूळ वगळून, डाळ, भाजी, तेल, मसाले आणि इंधन या सर्वांसाठी दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरलेले आहेत. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवरील शाळांत पट किती कमी असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पटावर अकरा मुले असतील तर त्या दिवसाचा सगळा खर्च पंचाहत्तर रुपयांच्या आत बसवायचा असतो. पाचशे मुलांच्या शाळेला घाऊक भावाने जे जमते ते अकरा मुलांच्या शाळेला जमत नाही, आणि हा दर ठरवणाऱ्यांनी कोकणातला डोंगर चढून एकदा बाजारहाट करून पाहावी, असे मला मनापासून वाटते. परंतु त्या अकरा मुलांच्या घरांकडे शहराकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे परसू. एका घराने आठवड्याला एक नारळ दिला, दुसऱ्याने शेवग्याचा पाला दिला, तिसऱ्याने भोपळा किंवा पडवळ दिले, तर त्या खिचडीची चव आणि कस दोन्ही बदलतात. शाळेच्या आवारात परसबाग करण्याची मुभा आणि प्रोत्साहन याच योजनेत आहे, आणि वाढदिवस किंवा सणाच्या निमित्ताने गावकऱ्यांनी मुलांना जेवणात काही अधिक देण्याचीही सोय त्यात आहे. आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला होता, पण २०२५ च्या सुरुवातीला त्याचा वेगळा निधी थांबवण्यात आला. ज्या वाडीला शक्य आहे तिने ते अंडे आपल्या बळावर सुरू ठेवायला हरकत नाही.

हे सगळे तुम्ही एकटीने बोलायचे नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. पुढच्या बैठकीला जा. वाढण्यापूर्वी शिक्षकांसह मोठ्या माणसांनी अन्नाची चव पाहायची असते, त्या कामासाठी महिन्यातून दोन दिवस येण्याची तयारी दाखवा आणि त्या दिवशी तुमच्या मुलाच्या पंगतीत न बसता दुसऱ्या टोकाला बसा. आई बाजूला बसली की मुलाचे नखरे वाढतात, हा सर्वांचा अनुभव आहे. वेगळा डबा न देण्याचे माझे आणखी एक कारण आहे. सगळी मुले एका पंगतीत एकच अन्न खात असताना नावडते अन्नही मुले एकमेकांकडे पाहून खायला शिकतात. तुमच्या मुलाच्या हातात वेगळा डबा आला की तो त्या पंगतीतून उठतो. द्यायचेच असेल तर लिंबाची फोड किंवा पेरू द्या. त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळ-तांदळातील आणि त्या पोषणयुक्त दाण्यांतील लोह अधिक शोषले जाते, आणि पेरूत ते संत्र्यापेक्षाही जास्त असते. उन्हाळ्यात आपल्या बागांत काजूबी काढून घेतल्यावर बोंडूंचा जो खच झाडाखाली कुजत पडतो, त्या बोंडूतही क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. घसा खवखवतो म्हणून मीठ लावून खावे लागते, एवढाच त्याचा दोष.

घरचे रात्रीचे जेवण तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे थोडा अंदाज करते. पावसाळ्यात जून-जुलैची मासेमारी बंदी असते, ताजी मासळी फारशी मिळत नाही, पुढे श्रावणात अनेक घरांत ती वर्ज्यच असते. या दिवसांत मुलांच्या पानातील प्रथिने गुपचूप कमी होतात आणि भात-आमटीवर भागते. ती उणीव कुळीथ भरून काढतो, त्यात वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक प्रथिने असतात, आणि कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते. मोड आलेले मूग, चवळी, वाल आलटून-पालटून करा. सुकट किंवा जवळा देत असाल तर आधी पाण्यात भिजवून खारटपणा काढून टाका. बंदी उठल्यावर महागडा पापलेट आणण्याचा आग्रह नको, तारली आणि मांदेली यांसारखी स्वस्त छोटी मासळी मऊ काट्यांसकट खाल्ली की प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. सोमवार-गुरुवार असे वार पाळत असाल तर त्या दिवशी उसळ ठरलेली असावी, नुसता भात आणि सोलकढी नसावी. पावसातल्या टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या ओळखणारी माणसे अजून वाडीत आहेत, त्यांच्याबरोबर मुलाला भाजी खुडायला पाठवा. स्वतः खुडून आणलेला टाकळा तो चाखून तरी पाहील.

काही गोष्टींसाठी मात्र थांबू नका. वजन सहा महिन्यांत वाढले नाही किंवा घटले, मूल सतत दमलेले किंवा पांढुरके दिसले, वारंवार पोट दुखले, किंवा ते माती, खडू अथवा कच्चे तांदूळ खाऊ लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात ते ११.५ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात आणि त्यावर नुसत्या आहाराने भागत नाही, औषध लागते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी त्याला चुकवू देऊ नका. अनवाणी चिखलातून हिंडणाऱ्या मुलांच्या पोटात जंत असतील तर चांगले अन्नसुद्धा अंगी लागत नाही.

आणि यजमानांसाठी एक निरोप. गणपतीला येताना ते बिस्किटे, चॉकलेटे आणि पुड्यांनी भरलेली पिशवी आणत असतील, तर यंदा त्यांनी तिच्याऐवजी चांगल्या पोलादाचा एक छोटा जेवणाचा डबा आणावा. शाळेत न्यायला नव्हे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बापलेकांनी त्यात घावणे भरून समुद्रावर न्यायला.